सोने मोडायची वेळ कोण ठरवतो?

निवृत्तीच्या महिन्यात पासबुकात एक मोठा आकडा उमटतो. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे असे सगळे मिळून वीस, तीस, कुणाचे पन्नास लाख. उभी हयात पगार महिन्याला आला आणि महिन्यातच संपला, त्यामुळे एवढी रक्कम एकदम हाताळण्याचा सराव फार थोड्यांना असतो. त्यातून २०२५ सारखे वर्ष असले की विचारायलाच नको. त्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅम सोन्याने एक लाखाचा टप्पा ओलांडला, धनत्रयोदशीपर्यंत भाव सव्वा लाखाच्याही पुढे गेला आणि मुदत ठेवीचे सहा-सात टक्के सांगायलाही संकोच वाटावा अशी परिस्थिती झाली. अशा दिवसांत सराफाच्या पेढीवर, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत एकच चौकशी चालते : सोने अजून वाढेल का? तिशीतल्या पगारदाराने ती केली तर ठीक आहे. निवृत्त माणसाला मात्र या प्रश्नाचे अचूक उत्तर मिळाले तरी ते पुरत नाही. हे सोने मला केव्हा मोडावे लागेल, आणि तो दिवस मी ठरवणार की माझी गरज ठरवणार, हे त्याने आधी स्वतःला विचारायला हवे. मौल्यवान धातूंत निवृत्तीची पुंजी घालणाऱ्या नवख्यांच्या बहुतेक चुका, मग त्या दागिन्यांच्या असोत, चांदीच्या असोत की योजनांच्या, हे न विचारल्यामुळे होतात.

एक हिशेब मांडून पाहू. माणूस कल्पनेतला आहे, भाव मात्र त्या त्या वर्षांचे, ढोबळ सरासरीचे आहेत. समजा त्याने २०१२ च्या अखेरीस निवृत्तीच्या ३० लाखांचे चोख सोने घेतले. दहा ग्रॅमचा भाव तेव्हा ३१ हजारांच्या आसपास होता, म्हणजे हातात साधारण ९६८ ग्रॅम आले. खरेदीवरचा कर, घट, घडणावळ यांचा विचार तूर्त सोडून देऊ. घरखर्चासाठी तो महिन्याला २० हजारांचे, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजारांचे सोने मोडतो. २०१३ मध्ये भाव साडेएकोणतीस हजारांच्या घरात होता, तेव्हा ८१ ग्रॅम गेले. २०१४ मध्ये भाव २८ हजारांवर आला आणि ८६ ग्रॅम गेले. २०१५ मध्ये तो २६ हजारांच्या थोडा वर होता आणि तेवढ्याच किराण्या-औषधांसाठी ९१ ग्रॅम मोडावे लागले. पुढच्या तीन वर्षांत भाव हळूहळू वर चढला आणि २०१८ मध्ये पुन्हा ३१ हजारांवर आला. वर्तमानपत्रातला भाव पाहणाऱ्याला वाटेल की सहा वर्षांत काही कमावले नाही तरी गमावलेही नाही. आपल्या माणसाकडे मात्र तोवर सुमारे ४७० ग्रॅमच उरले होते. निम्मे सोने पोटात गेले होते. त्याच काळात बँकांच्या मुदत ठेवींवर सुरुवातीला नऊ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होते. तीस लाखांवर ते वर्षाला २ लाख ७० हजार होते. म्हणजे तोच घरखर्च नुसत्या व्याजातून भागला असता आणि मुद्दल जाग्यावर राहिले असते.

या हिशेबाचा उत्तरार्धही तितक्याच प्रामाणिकपणे सांगायला हवा, कारण तो सोन्याच्या बाजूचा आहे. ज्याला त्या सहा वर्षांत एक ग्रॅमही मोडावे लागले नाही, त्याचे ९६८ ग्रॅम दहा ग्रॅमला १ लाख २० हजार या भावाने १ कोटी १६ लाखांचे झाले. ज्याला मोडावे लागले त्याने २०१८ नंतर एक गुंजही विकली नाही असे धरले, तरी त्याच्याकडे ५६ लाखांचे सोने. दोघांनी एकाच दिवशी, एकाच भावाने, एकाच शुद्धतेचे सोने घेतले होते. भावाबद्दलचा दोघांचा अंदाजही सारखाच बरोबर ठरला. एकाकडे वाट पाहण्याची सोय होती आणि दुसऱ्याकडे नव्हती, एवढाच काय तो फरक. सोने व्याज देत नाही, भाडे देत नाही, लाभांश देत नाही. त्यातून खर्च चालवायचा तर त्याचा तुकडाच पाडावा लागतो, आणि पडत्या काळात पाडलेला तुकडा पुढच्या तेजीत परत येत नाही. जे निवृत्तिवेतनावर घर चालवू शकतात त्यांनी सोने थोडे जास्त घेतले तर बिघडत नाही. खासगी नोकरीतून बाहेर पडलेल्या आणि ईपीएफओच्या तुटपुंज्या पेन्शनवर असलेल्या माणसाचे गणित अगदी निराळे आहे. सल्ला देणारे मात्र दोघांना एकच सल्ला देतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : आपल्याकडे सोने कधी पडतच नाही, पडले तरी थोडे पडते. त्यात तथ्य आहे, पण त्याचे कारण सोन्यात नाही, रुपयात आहे. भारतातला भाव तीन गोष्टींनी बनतो : जगाच्या बाजारातला डॉलरमधला भाव, डॉलरचा रुपयातला दर आणि सरकारचे आयात शुल्क. जानेवारी १९८० मध्ये औंसाला ८५० डॉलरवर गेलेले सोने १९९९ मध्ये अडीचशे डॉलरच्या आसपास आले होते, आणि जुनी उंची पुन्हा गाठायला त्याला २००८ साल उजाडले. अठ्ठावीस वर्षे म्हणजे एखाद्याचे निवृत्तीनंतरचे अख्खे आयुष्य. भारतात ही मंदी जाणवली नाही, कारण त्या काळात डॉलर आठ रुपयांवरून चाळीसच्या घरात पोहोचला. २०११ ते २०१५ या काळात डॉलरमधले सोने १,९०० वरून १,०५० पर्यंत कोसळले, म्हणजे जवळपास ४५ टक्के. आपल्याकडे २०१२ ते २०१५ दरम्यान सरासरी भाव पंधरा-सोळा टक्केच उतरला. त्यात रुपयाच्या घसरणीचा हात होता, तसाच आयात शुल्काचाही. २०१२ च्या सुरुवातीला दोन टक्क्यांच्या आसपास असलेले शुल्क ऑगस्ट २०१३ पर्यंत दहा टक्के झाले होते. पण जे सरकार शुल्क वाढवते तेच ते उतरवूही शकते. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले आणि त्या एका दिवसात दहा ग्रॅमचा भाव सुमारे चार हजारांनी खाली आला. त्या दिवशी जगात सोन्याला काहीही झाले नव्हते. त्याच आठवड्यात शस्त्रक्रियेसाठी सोने विकायला गेलेल्याला हे अर्थशास्त्र समजावून सांगून काय उपयोग!

मग चांदीकडे वळावे काय? सोने परवडेना झाले की नवखा माणूस चांदीला स्वस्त सोने समजून जवळ करतो. ही समजूत सर्वांत महागात पडते. चांदीच्या मागणीतला निम्म्याहून मोठा वाटा कारखान्यांचा आहे, सौर पॅनेल आणि इलेक्ट्रॉनिक्सचा. त्यामुळे ती तेजीत सोन्याच्या पुढे धावते आणि मंदीत सोन्याच्या दुप्पट आपटते. अमेरिकेतल्या हंट बंधूंनी साठेबाजी करून १९८० च्या जानेवारीत चांदी पन्नास डॉलरच्या आसपास नेली. २७ मार्चला ती अकरा डॉलरच्याही खाली होती. एप्रिल २०११ मध्ये ती पुन्हा पन्नासच्या उंबरठ्यावर गेली, भारतात किलोचा भाव सत्तर हजारांवर पोहोचला, आणि २०१५ च्या अखेरीस तो पस्तीस हजारांच्या आसपास होता. सत्तर हजार पुन्हा दिसायला २०२० उजाडले. साठाव्या वर्षी निवृत्त होऊन त्या एप्रिलमध्ये चांदी घेतलेला माणूस मुद्दल परत मिळेपर्यंत एकोणसत्तरीला आला. शिवाय चांदी जागा खाते. किलोचा भाव लाखावर असला तरी दहा लाखांची चांदी म्हणजे आठ-दहा किलोचे बोचके, ते ठेवायचे कुठे? हुपरीचे पैंजण आणि खामगावची चांदीची भांडी हौसेने घ्यावीत, वापरावीत, नातवंडांना द्यावीत. त्यांत घातलेला पैसा मात्र निवृत्तीच्या खात्यात धरू नये. प्लॅटिनमबद्दल तर दोन वाक्येही पुष्कळ झाली. २००८ मध्ये औंसाला दोन हजार डॉलरच्या वर गेलेला हा धातू पुढे अनेक वर्षे सोन्यापेक्षा स्वस्त मिळत राहिला, आणि आपल्या गावातल्या सराफाकडे तो विकायला गेलात तर तो आधी चष्मा पुसतो.

आता सोन्याच्या रूपाकडे येऊ, कारण मोडण्याच्या दिवसाचा विचार केला की दागिना आणि गुंतवणूक यांची गल्लत कुठे होते ते लगेच दिसते. दहा लाखांचा २२ कॅरेटचा दागिना घेतला, घडणावळ बारा टक्के धरली आणि एकूण रकमेवर तीन टक्के जीएसटी धरला, तर प्रत्यक्ष सोने ८ लाख ६७ हजारांचे येते. विकताना सराफ वितळवून पाहतो, घट धरतो, डाग आणि खडे वजा करतो. दोन-अडीच टक्के तिथे गेले की हातात साडेआठ लाखांच्या आतबाहेर राहतात. म्हणजे भाव सतरा-अठरा टक्के वाढला तेव्हा कुठे माणूस जिथे होता तिथे येतो. मुदत ठेवीतली दोन-अडीच वर्षे नुसती भरपाई करण्यात गेली. देशातल्या कितीतरी शहरांत सोने-चांदी वितळवून टंच काढण्याचे काम सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या भागातून गेलेली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. त्यांच्या गलाईच्या भट्टीपुढे नक्षीकाम, मीनाकारी, कारागिराचे नाव यांना किंमत नसते, तिथे बोलतात ते फक्त वजन आणि टंच. एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक नसलेला हॉलमार्क दागिना विकता येत नाही, आणि तो क्रमांक बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तपासता येतो. ही फार मोठी सोय झाली आहे. पण हॉलमार्क शुद्धतेची हमी देतो, घडणावळ परत मिळण्याची देत नाही. बँकेतून घेतलेल्या नाण्याबद्दलही असाच गैरसमज आहे. बँक नाणे विकते, पण परत विकत घेत नाही. ते शेवटी सराफाकडेच न्यावे लागते आणि तो चालू भावातून आपला हिस्सा काढूनच पैसे देतो.

घरात आईच्या पाटल्यांनी किंवा बायकोच्या तोड्यांनी कठीण वेळ निभावल्याचा इतिहास पुष्कळ कुटुंबांत असतो, आणि दागिन्यांच्या बाजूने तोच पुढे केला जातो. तो खोटा नाही. पण ते दागिने घरात आधीच आहेत. निवृत्तीचे पैसे आणखी दागिन्यांत घातल्याने त्या आधारात भर पडते ती घडणावळ वजा जाऊन. शिवाय स्त्रीधन ही त्या स्त्रीची स्वतःची मालमत्ता आहे. नवऱ्याने ते आपल्या गुंतवणुकीच्या बेरजेत धरणे कायद्यालाही धरून नाही आणि घरातल्या शांततेलाही. अडचणीच्या वेळी सोने विकण्याऐवजी तारण ठेवावे, हा सल्ला चांगला आहे, फक्त तो कोणत्या सोन्याला लागू होतो ते आधी पाहावे. बँका दागिन्यांवर कर्ज देतात, बँकांनी विकलेल्या नाण्यांवर पन्नास ग्रॅमच्या मर्यादेत देतात, बिस्किटावर देत नाहीत. शुद्धतेच्या हव्यासाने शंभर ग्रॅमचे बिस्किट घेणाऱ्याला हे अडचणीच्या दिवशी कळते, आणि त्याचा तुकडा करून पाव भाग विकायचा म्हटला तर पुन्हा टंच काढणे आलेच.

सोने ठेवायचे कुठे, हाही मोडण्याच्याच प्रश्नाचा भाग आहे, कारण जे हरवले ते मोडताही येत नाही. लॉकरमध्ये ठेवले की निश्चिंत, असे मानले जाते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार चोरी, आग, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी अशा घटनांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपुरती आहे. भाडे तीन हजार असेल तर भरपाई तीन लाख. दहा ग्रॅमला सव्वा लाखाच्या भावाने ते चोवीस ग्रॅम सोने झाले. पूर किंवा भूकंपाने नुकसान झाले आणि त्यात बँकेची हयगय नसेल, तर तेवढेही नाही. सांगली-कोल्हापूरच्या पूरपट्ट्यातल्या वाचकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

या सगळ्याला कंटाळून माणूस योजनेकडे वळतो आणि तिथे चुकीची किंमत टक्क्यांत मोजता येत नाही. सराफाकडे दरमहा हप्ता भरायचा आणि शेवटी सोने घ्यायचे, अशा योजना बहुधा अकरा महिन्यांच्या असतात. त्याला कारण आहे. कंपनी कायद्याच्या ठेवीविषयक नियमांनुसार माल देण्यासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांच्या आत मालात वळती झाली नाही तर ती ठेव ठरते आणि कायद्याचे सगळे जू मानेवर येते. म्हणजे हप्ते भरणारा हा त्या पेढीचा विनातारण धनको असतो, त्याच्या नावाचे सोने कुठल्याही तिजोरीत नसते. २०१९ च्या दिवाळीच्या तोंडावर ठाणे-डोंबिवलीतल्या गुडविन ज्वेलर्सच्या दुकानांना कुलपे लागली आणि भिशीचे हप्ते भरणारे, ठेवी ठेवणारे शेकडो लोक पोलीस ठाण्यापुढे उभे राहिले. २०२५ च्या जानेवारीत मुंबईत टोरेसच्या दुकानांपुढे तेच दृश्य दिसले. तिथे तर दर आठवड्याला परतावा देण्याचे आमिष होते. सोन्यातून किंवा खड्यांतून आठवड्याला पैसे निघत नाहीत, हे या लेखातले सगळ्यात साधे विधान असेल, पण निवृत्तांची पुंजी गेली ती बहुतेकदा याच साध्या विधानाकडे दुर्लक्ष झाल्याने. मोबाइलवर रुपया-दोन रुपयांपासून मिळणाऱ्या डिजिटल सोन्याची गोष्ट फसवणुकीची नाही, पण देखरेखीच्या अभावाची आहे. हा व्यवहार आपल्या नियंत्रणाखाली येत नाही, असे सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितले आहे. निवृत्तीचा पैसा जिथे तक्रार कुणाकडे करायची हे ठाऊक नाही तिथे ठेवू नये.

ज्याला गुंतवणूक म्हणूनच सोने हवे आहे त्याच्यासाठी गोल्ड ईटीएफ हा त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे. भारतात तो २००७ पासून आहे आणि सेबीच्या कक्षेत आहे. डिमॅट खाते लागते, वर्षाला अर्धा ते एक टक्क्याच्या आत खर्च जातो, घडणावळ नाही, लॉकर नाही, हवे तेवढेच विकता येते आणि पैसे एक-दोन दिवसांत खात्यात येतात. म्हणजे मोडण्याचा दिवस आला तर निदान मोडणे स्वस्त पडते. इथेही नवख्याला एक खड्डा आहे. ईटीएफचा बाजारातला भाव आणि त्यामागच्या धातूची किंमत नेहमी सारखी नसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीची टंचाई झाली तेव्हा चांदीच्या ईटीएफचे भाव आतल्या चांदीच्या मोलापेक्षा दहा टक्क्यांपर्यंत वर गेले आणि काही म्युच्युअल फंडांनी आपल्या चांदीच्या योजनांत एकरकमी पैसे स्वीकारणेच तात्पुरते थांबवले. त्या दिवसांत घाईने घेणाऱ्याने शंभराची वस्तू एकशेदहाला घेतली. खरेदीपूर्वी फंडाच्या संकेतस्थळावरचे त्या क्षणाचे मूल्य पाहायला दोन मिनिटे लागतात. सरकारी सुवर्ण रोखे यापेक्षाही चांगले होते. नोव्हेंबर २०१५ च्या पहिल्या मालिकेत ग्रॅमला २,६८४ रुपये भरणाऱ्याला आठ वर्षांनी ६,१३२ रुपये मिळाले, वर व्याजही मिळत राहिले. पण फेब्रुवारी २०२४ नंतर नवे रोखे निघालेले नाहीत. जुने शेअर बाजारात मिळतात, मात्र त्यांची उलाढाल कमी असते. हवे तेव्हा हव्या भावात विकता येतीलच असे धरून चालू नये, आणि दुसऱ्याकडून घेतलेल्या रोख्यांना करसवलत लागू आहे का ते सनदी लेखापालाला आधी विचारावे.

कागदावरचे सोने संकटात काय कामाचे, असे विचारणारे असतात आणि ते युद्धाचे, बँका बुडण्याचे, नोटाबंदीचे दाखले देतात. सत्तरीतल्या माणसावर येणारे संकट बहुधा निराळे असते. ते रात्री दोन वाजता येते, त्याचे नाव हृदयविकार किंवा मोडलेले खुब्याचे हाड असते, आणि रुग्णालयाच्या खिडकीवर सोने चालत नाही. तिथे बचत खात्यातले पैसे आणि आरोग्य विमा लागतो. दुसरे संकट हळू येते, ते महागाईचे. सात टक्के व्याज, त्यावर कर, आणि औषधांपासून घरकामाच्या बाईच्या पगारापर्यंत सगळे वाढणारे, अशा स्थितीत नुसत्या ठेवींवर पंचवीस वर्षे काढता येणार नाहीत, हा सोन्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो मान्य करायलाच हवा. त्याचसाठी थोडे सोने हवे. किती, याचे उत्तर माझ्या मते एकूण पुंजीच्या दहा टक्के, फार तर पंधरा. रिझर्व्ह बँकच टनावारी सोने घेत असताना आपण का मागे राहावे, असे म्हणणाऱ्यांनी तिचाच ताळेबंद पाहावा. मार्च २०२५ अखेर तिच्याकडे सुमारे ८८० टन सोने होते, आणि एकूण परकीय गंगाजळीत त्याचा वाटा बारा टक्क्यांच्या आत होता. शिवाय रिझर्व्ह बँकेला महिन्याच्या एक तारखेला वाण्याचे बिल द्यायचे नसते.

दहा टक्क्यांचा हा आकडा नुसता लक्षात ठेवून भागत नाही. त्याला उरलेल्या नव्वद टक्क्यांचा आधार लागतो, आणि तो आधार म्हणजे सोने न मोडता निदान पाच वर्षे घर चालेल अशी तजवीज. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तीस लाखांपर्यंत ठेवता येतात. एप्रिल २०२३ पासूनच्या ८.२ टक्के दराने पूर्ण रकमेवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. पोस्टाची मासिक प्राप्ती योजना आहे, टप्प्याटप्प्याने मुदत संपणाऱ्या बँक ठेवी आहेत. ही घडी बसली की सोने मोडण्याचा दिवस गरजेच्या हातातून निघून मालकाच्या हातात येतो. मग खरेदीही एका मुहूर्तावर उरकण्याची गरज राहत नाही. गुरुपुष्यामृताला एक वेढणे हौसेने घ्यावे, पण पाच लाखांची रक्कम दीड-दोन वर्षांत दरमहा विभागून घालावी. २०२५ मध्ये धनत्रयोदशीनंतर तिसऱ्याच दिवशी, २१ ऑक्टोबरला, जागतिक बाजारात सोने एका दिवसात पाच टक्क्यांहून जास्त घसरले होते. विभागून घेणाऱ्याला असा दिवस लाभाचा ठरतो. आणि वर्षातून एकदा, पाडव्याला म्हणा किंवा आर्थिक वर्षाच्या शेवटी, सोन्याचा वाटा पाहावा. भाव वाढून तो दहाचा अठरा टक्के झाला असेल तर वरचे विकून ठेवीत घालावे. तेजीत विकणे हे आपल्या स्वभावाला सर्वांत जड जाते. घरातले सोने विकणे म्हणजे घरावर काहीतरी ओढवले, अशी आपली पिढ्यांची भावना आहे, म्हणूनही गुंतवणुकीचे सोने दागिन्यांपासून वेगळे, कागदावर असलेले बरे. ईटीएफ विकला म्हणून कुणी शेजारी काळजीने चौकशी करायला येत नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपुढे हाच प्रश्न गोल्ड आयआरएच्या जाहिरातींतून येतो. तिथल्या निवृत्ती खात्यात सोने ठेवता येते, पण ते ९९.५ टक्के शुद्धतेचे असावे लागते, ईगल नाण्यांना तेवढी सूट आहे, आणि ते मान्यताप्राप्त संस्थेच्या ताब्यात असावे लागते. ते घरच्या तिजोरीत ठेवता येईल असे सांगणारे विक्रेते होते. २०२१ मध्ये तिथल्या कर न्यायालयाने अशा एका प्रकरणात घरी ठेवलेली नाणी म्हणजे खात्यातून काढून घेतलेले पैसेच धरले आणि त्यावर कर लावला. विक्रेत्याचे कमिशन, ताबा ठेवणाऱ्याची फी आणि वर साठवणुकीचा खर्च पाहिला की आपल्याकडची घडणावळ सौम्य वाटू लागते.

उरतात ते लोक, ज्यांनी बहुतेक पुंजी आधीच सोन्यात घातली आहे आणि ज्यांना आज भाव वर असल्याने आपण शहाणे ठरलो असे वाटते. त्यांनी सगळे एकदम विकू नये, पण आजच्या भावात विकायला सुरुवात करावी. आधी बिस्किटे आणि नाणी काढावीत, दागिने शेवटी. चोवीस महिन्यांहून जास्त काळ ठेवलेल्या सोन्यावरच्या नफ्याला १२.५ टक्के कर लागतो, आणि बाकी उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या खाली असेल तर त्या मर्यादेचा उरलेला भाग या नफ्यासाठी वापरता येतो. म्हणून विक्री मार्चमध्ये थोडी आणि एप्रिलमध्ये थोडी अशी दोन आर्थिक वर्षांत विभागावी. खरेदीच्या पावत्या शोधून ठेवाव्यात. वडिलोपार्जित सोने असेल आणि ते १ एप्रिल २००१ पूर्वीचे असेल, तर त्या तारखेचे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येते, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला घ्यावा. पैसे रोख घेऊ नयेत, धनादेशाने किंवा खात्यात घ्यावेत, आणि ते जमा झाले की त्याच आठवड्यात पोस्टात जाऊन ज्येष्ठ नागरिक योजनेचा अर्ज भरावा.